किती पडदे, किती अंश

फ्लाइट सिम्युलेटरची हौस जडलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत एका प्रश्नापाशी येतो. जॉयस्टिक झाली, पेडल झाले, ग्राफिक्स कार्डही चांगले आहे. आता तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडायचे की एक मोठा फोरके टीव्ही घ्यायचा? या प्रश्नाची उत्तरे बहुतेक वेळा चवीच्या भाषेत दिली जातात. एक म्हणतो तीन स्क्रीनशिवाय विमानात बसल्यासारखे वाटत नाही, दुसरा म्हणतो मधल्या जाड कडा डोळ्यांना खुपतात. पण हा चवीचा प्रश्न फार थोडा आहे. पडदा डोळ्यापुढे किती अंशांचा कोन व्यापतो, सिम्युलेटर त्या पडद्यावर किती अंशांचे जग दाखवते, आणि तुमच्या प्रकारच्या उड्डाणात नजर कोणत्या कोनात जावी लागते, ही तीन मापे हातात आली की निर्णयाचा मोठा भाग आपोआप होतो. ती घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की घरी उडणाऱ्या बहुतेकांसाठी जवळ ठेवलेली एक मोठी स्क्रीन हाच शहाणा पर्याय आहे. दुसरा पडदा घ्यायचाच असेल तर तो शेजारी न मांडता खाली मांडावा. तीन मॉनिटरचा पक्ष दुबळा नाही, फक्त तो फार थोड्यांच्या कामाचा आहे.

व्यावसायिक सिम्युलेटर हा या बाबतीतला मापदंड. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या नियमांनुसार सर्वोच्च म्हणजे ‘लेव्हल डी’ दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरचे दृश्य आडवे किमान १७६ आणि उभे ३६ अंश, मध्ये कुठेही न तुटता दिसले पाहिजे. घरातले माप याच्या जवळपासही नसते. नेहमीचा २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो आणि आपण त्यापासून ७० सेंटिमीटरवर बसतो. म्हणजे तो डोळ्यापुढे जेमतेम ४१-४२ अंश व्यापतो. त्याच मॉनिटरवर सिम्युलेटरला ७५ अंशांचे दृश्य दाखवायला सांगितले की पॅनेल आणि खिडक्या तर दिसतात, पण समोरचे सगळे जग निम्म्या आकाराचे होते. धावपट्टी खरी असते त्याच्या दुप्पट अंतरावर असल्यासारखी दिसते. घरच्या सिमवर विमान सतत उंच येते, फ्लेअर कधी लवकर तर कधी उशिरा होतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी कंट्रोल्सच्या आधी हा कोन तपासावा. पडद्याने व्यापलेला कोन आणि पडद्यावर दाखवलेला कोन जुळला तरच वस्तू खऱ्या आकाराच्या दिसतात. पडदा वाढवण्याचे पहिले कारण हे आहे, भव्यता त्यानंतरची.

आता तीन मॉनिटरची बाजू, आणि ती तिच्या सगळ्या जोरासकट घ्यायला हवी. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. ६० सेंटिमीटरवरून तो ५३ अंश भरतो आणि बाजूचे दोन्ही त्याच कोनात आत वळवले की एकूण १५९ अंश मिळतात. इतके रुंद दृश्य घरात दुसऱ्या कुठल्याही साध्या मार्गाने मिळत नाही. त्याचा उपयोगही खरा आहे. डोळ्याचा अगदी मधला, दोन-एक अंशांचा भाग बारीक तपशील वाचतो. कडेचा भाग तपशील वाचत नाही, पण हालचाल पकडतो. आपण पुढे सरकतो आहोत, कलतो आहोत, जमीन जवळ येते आहे, ही जाणीव मोठ्या प्रमाणात या कडेच्या नजरेतून येते. धावपट्टीवरच्या शेवटच्या काही फुटांत अनुभवी वैमानिक दूरवर पाहत असतो आणि उंचीचा अंदाज कडेने वाहणाऱ्या जमिनीवरून घेत असतो. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत ठेवताना तर समोरच्यापेक्षा बाजूची जमीनच जास्त सांगते. हाँगकाँगच्या जुन्या काई टाक विमानतळाचे उदाहरण सिमवाल्यांना पाठ असते. १९९८ साली तो बंद झाला, पण धावपट्टी १३ चे ते उतरणे आजही घराघरांत चालू आहे. लाल-पांढऱ्या चौकटी रंगवलेल्या टेकडीच्या रोखाने यायचे आणि तिथून अगदी कमी उंचीवर उजवीकडे ४७ अंश वळून धावपट्टी धरायची. त्या वळणात नजर उजव्या काचेत असावी लागते. मध्यापासून एकेका बाजूला वीस-पंचवीस अंशच दाखवणारा मॉनिटर इथे वैमानिकाला आंधळा करतो. पुण्याहून मुंबईकडे नकाशा आणि खुणा पाहून निघालेल्याचेही तेच. घाट समोर असतो, पण किल्ले आणि धरणे, ज्यांच्यावरून आपण कुठे आहोत हे कळते, ती बाजूच्या खिडकीतून जातात.

इथपर्यंत तीन मॉनिटर जिंकतात. पण हीच वाट आणखी थोडी पुढे नेली की त्यांचा दावा लंगडा पडतो. छोट्या विमानाच्या शिक्षणातला पाया म्हणजे सर्किट: उड्डाण, वळण, धावपट्टीला समांतर उलटा प्रवास, पुन्हा वळण, उतरणे. समांतर जाताना बेस लेगचे वळण कधी घ्यायचे याची रूढ खूण अशी की उतरण्याची जागा पंखाच्या मागे ४५ अंशांवर गेली पाहिजे. म्हणजे नाकापासून १३५ अंशांवर. तीन मॉनिटरच्या मांडणीत एका बाजूला मिळतात ते ८० अंश. ज्या कामासाठी बाजूचा मॉनिटर घेतला, त्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण त्याच्याही बाहेर राहतो आणि शेवटी बटण दाबून किंवा मान वळवून दृश्य फिरवावेच लागते. ग्लायडरमध्ये वळणाच्या आत पाहणे, लढाऊ विमानात शेपटीमागे पाहणे, सगळ्याची गत हीच. दृश्य फिरवायचेच असेल, तर ते ८० अंशांनंतर फिरवायचे की ४० नंतर, एवढाच फरक उरतो. हा फरक खरा आहे. पण त्यासाठी काय मोजावे लागते तेही पाहिले पाहिजे.

पहिली किंमत सॉफ्टवेअरमधली. एएमडीच्या आयफिनिटीने २००९ मध्ये आणि पाठोपाठ एनव्हिडियाच्या सराउंडने तीन मॉनिटर एकाच लांब पडद्यासारखे जोडण्याची सोय केली, आणि पुष्कळांना वाटले की काम झाले. झाले नव्हते. सपाट पडद्यासाठी काढलेले दृश्य कडेकडे ताणले जाते. मध्यापासून ४५ अंशांवर दुपटीने, ६० अंशांवर चौपटीने, आणि ८० अंशांवर तर तेहेतीस पट, म्हणजे चित्र असे काही उरतच नाही. म्हणून एकच कॅमेरा तीन मॉनिटरवर पसरला की बाजूच्या पडद्यांवर विमानाचे पंख आणि इमारती रबरासारख्या लांबतात. खरा उपाय म्हणजे प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र, त्याच्या कोनात वळवलेला कॅमेरा. एक्स-प्लेनमध्ये ही सोय जुनी आहे. पूर्वी त्यासाठी अनेक संगणक जोडावे लागत, अकराव्या आवृत्तीपासून एकाच संगणकावर प्रत्येक मॉनिटरचा कोन आणि कल अंशांत भरता येतो. लॉकहीड मार्टिनच्या प्रीपार्डथ्रीडीतही तशी सोय आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर मात्र ऑगस्ट २०२० मध्ये आले तेव्हा ती नव्हती. सप्टेंबर २०२२ च्या दहाव्या सिम अपडेटमध्ये ती आली, तीही ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावून.

दुसरी किंमत संगणकाच्या दमाची. इथे एक आक्षेप हमखास येतो: तीन फुल एचडी मॉनिटरचे मिळून सुमारे ६२ लाख पिक्सेल होतात, एका फोरके टीव्हीचे ८३ लाख, मग तीन मॉनिटर हलके नाहीत का? पिक्सेल मोजले तर हलके. पण फ्लाइट सिमची अडचण बहुधा पिक्सेलांपाशी नसते. कोणत्या इमारती, कोणती झाडे, कोणते ढग काढायचे हे ठरवून ग्राफिक्स कार्डाकडे पाठवण्याचे काम प्रोसेसर करतो आणि गर्दीच्या शहरावर तोच आधी धापा टाकतो. प्रत्येक जादा कॅमेरा म्हणजे त्या कामाची बरीचशी पुनरावृत्ती, शिवाय रुंद दृश्यात जास्त वस्तू येतात ते वेगळेच. आणि मॉनिटर फुल एचडीऐवजी क्यूएचडी घेतले, जे २७ इंचांना शोभते, तर पिक्सेलही १ कोटी १० लाखांवर जातात. म्हणजे तीन मॉनिटरचा खर्च त्यांच्या बिलात पुरता दिसत नाही. तो प्रोसेसर आणि कार्डाच्या बिलात दिसतो, आणि आपल्याकडे संगणकाच्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा बहुधा कार्डाचाच असतो.

जागेचा हिशेब छोटा आहे, पण टाळता येत नाही. आत वळवलेले तीन २७ इंची मॉनिटर सुमारे १३२ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ ५० सेंटिमीटर खोल जागा घेतात. चार फुटी टेबलावर ते मावत नाहीत. त्यातच खोलीतले टेबल दिवसा ऑफिसच्या कामाचे आणि संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाचे असेल, तर मोजून लावलेले कोन आठवडाभरही टिकत नाहीत, आणि कोन हलला की क्षितिज मॉनिटरच्या सांध्यावर मोडते. सांध्याच्या बचावात असे म्हटले जाते की खऱ्या विमानातही काचांमध्ये खांब असतात, मग कड खुपायचे कारण काय? युक्तिवाद गोड आहे, पण खांब विमानागणिक वेगळ्या जागी असतो, डोके जरा हलवले की त्यामागचे दिसते, आणि तो सिममध्ये आधीच काढलेला असतो. मॉनिटरची कड मात्र प्रत्येक विमानात मध्यापासून २६ अंशांवरच येते. म्हणजे सिममधल्या खांबाखेरीज हा आणखी एक खांब.

यापेक्षा मोठा मुद्दा उभ्या कोनाचा आहे, आणि त्याबद्दल आश्चर्य वाटावे इतके कमी बोलले जाते. स्क्रीनची चर्चा सगळी रुंदीची चालते. पण वैमानिकाची नजर बाहेर आणि पॅनेल यांच्यामध्ये दिवसभर वर-खाली फिरते, डाव्या-उजव्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. २७ इंची मॉनिटरची उंची ६० सेंटिमीटरवरून फक्त ३१ अंश भरते, मग असे तीन लावा नाहीतर पाच. ४९ इंची अतिरुंद वक्र मॉनिटरचेही तेच, कारण तो म्हणजे शेजारी ठेवलेले दोन २७ इंचीच. सांधा गेला, उंची तेवढीच राहिली. ३१ अंशांत क्षितिज मध्यावर ठेवले तर खाली पंधरा अंश उरतात. तेवढ्यात पॅनेलचा माथा दिसतो, घड्याळे नाहीत. ती दिसावीत म्हणून माणूस दृश्य लहान करतो, आणि मग निम्म्या आकाराच्या धावपट्टीचा आधीचा रोग परत येतो. याउलट ४३ इंची फोरके पडदा ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो ७७ अंश रुंद आणि ४८ अंश उंच भरतो. ५५ इंची ७५ सेंटिमीटरवर ठेवला तरी जवळपास तेवढाच. वर मोकळे आकाश आणि खाली वाचता येण्याजोगे पॅनेल, दोन्ही खऱ्या आकारात एका वेळी मावू लागतात. अंशाला सुमारे ५० पिक्सेल पडतात. चांगली नजर अंशाला साधारण ६० ओळखते, म्हणजे आकडे आणि अक्षरे स्वच्छ दिसतात. टीव्हीचे दोष आहेतच. गेम मोड चालू नसेल तर हाताची हालचाल उशिरा पोचते, स्वस्त पॅनेलवर कोपरे तिरक्या नजरेतून फिके दिसतात, आणि ओएलईडीवर तासन्‌तास स्थिर राहणाऱ्या पॅनेलचा डाग पडण्याची भीती असते. पहिला सेटिंगने जातो, दुसरा आयपीएस पॅनेल घेऊन. तिसऱ्यासाठी ओएलईडी टाळलेला बरा.

पण ७७ अंश पुरतात का? इथे इतिहासाची साक्ष काढता येते. एडविन लिंकने १९२९ मध्ये बनवलेल्या ट्रेनरमध्ये बाहेरचे दृश्य मुळी नव्हतेच. झाकण लावलेल्या त्या निळ्या पेटीत बसून दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक केवळ घड्याळांवर उडायला शिकले. ढगांतून उपकरणांच्या भरवशावर जाणाऱ्याला बाजूचे मॉनिटर फारसे काही देत नाहीत, आणि घरी एअरबस-बोइंग उडवणाऱ्यांचा बहुतेक वेळ याच कामात जातो. बाहेर पाहून उतरणाऱ्यासाठी दुसरी साक्ष आहे. स्टॅनली रॉस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाची पुढची काच झाकून वैमानिकांना पेरिस्कोपच्या छोट्या पडद्यावर पाहत खरीखुरी उड्डाणे आणि लँडिंग करायला लावली होती. तो अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. वैमानिक उतरू शकले. मात्र सर्वांत चांगली लँडिंग चित्र सुमारे सव्वापट मोठे केल्यावर झाली, कारण पडद्यावरचे जग खऱ्यापेक्षा लहान भासते. अरुंद दृश्याने सरळ उतरणे बिघडत नाही, लहान केलेल्या दृश्याने बिघडते, असा याचा रोख मी घेतो. आणि आपण घरी बरोबर उलटे करतो: रुंद दिसावे म्हणून लहान करतो.

मान वळवण्याचे काय, हा आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो हलका नाही. एका पडद्यावर मध्यापासून ३८ अंशांपलीकडे जग संपते. यावर तोडगा हेड ट्रॅकिंगचा. ट्रॅकआयआरसारखे उपकरण टोपीवरच्या क्लिपकडे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहते, टोबीचे उपकरण चेहरा आणि डोळे ओळखते, आणि ओपनट्रॅक हे फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही चालते. डोके वीस अंश वळवले की दृश्य नव्वद-शंभर अंश फिरते, आणि सर्किटमधले ते १३५ अंशही आवाक्यात येतात. मान वळली तरी डोळे पडद्यावरच रोखून धरावे लागतात, हे अनैसर्गिक आहे. काहींना पहिले काही दिवस मळमळते, आणि संवेदनशीलता फार ठेवली तर फायनलवर क्षितिज डुलत राहते. मध्यभागी थोडा मृत टप्पा ठेवला, म्हणजे डोके पाच-सात अंश हलले तरी दृश्य स्थिर राहील असे केले, की हा त्रास बराच कमी होतो. तरीही कडेच्या नजरेची ती वाहती जमीन हेड ट्रॅकिंग देत नाही. हेलिकॉप्टरवाल्याला म्हणूनच माझा निकाल लागू पडणार नाही.

व्हीआरचे नाव आता कोणी तरी घेईलच, आणि घ्यावेही. खरे आकारमान, दोन डोळ्यांची खोली आणि सगळीकडे वळणारी मान या तिन्ही बाबतींत हेडसेट दोन्ही पक्षांना मागे टाकतो. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या एका व्हीआर प्रशिक्षण उपकरणाला मान्यताही दिली. पण हेडसेट घातला की समोरचे खरे बटण, चार्ट, वही, चहाचा कप काहीच नीट दिसत नाही, आणि बऱ्याच हेडसेटमध्ये अंशाला मिळणारे पिक्सेल चांगल्या फोरके पडद्याच्या निम्म्याच्या आसपास राहतात. ज्याला तासभर आकाशात भटकायचे आहे त्याने व्हीआर घ्यावा. मुंबई-दिल्ली पूर्ण प्रक्रियेने, चेकलिस्टसह उडणाऱ्याला तो जाच वाटतो.

दुसऱ्या पडद्याबद्दल सुरुवातीला जे म्हटले ते आता नीट मांडता येईल. व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये बाहेरचे दृश्य वक्र आरशातून येते; प्रकाशकिरण समांतर होतात आणि डोळ्याला धावपट्टी खरोखर दूर वाटते. पॅनेल मात्र हाताच्या अंतरावर असते. घरी आरसा शक्य नाही, पण ही विभागणी शक्य आहे. टीव्ही थोडा मागे न्यावा आणि कोन टिकवण्यासाठी तो ५५ इंची घ्यावा. त्याच्यापुढे, खाली, एक लहान मॉनिटर किंवा टॅबलेट ठेवून त्यावर उपकरणे काढावीत. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये उजवी ऑल्ट की दाबून उपकरणावर क्लिक केले की ते वेगळ्या खिडकीत निघते. एक्स-प्लेनमध्येही अशी सोय आहे. एअर मॅनेजरसारखे सॉफ्टवेअर तर घड्याळे स्वतःच रंगवते. उपकरणाचे चित्र म्हणजे पूर्ण जगाचा दुसरा कॅमेरा नव्हे, त्यामुळे त्याचा बोजा बाजूच्या मॉनिटरच्या मानाने किरकोळ असतो. गार्मिन जी१००० चा खरा पडदा १०.४ इंची आहे. तो जुन्या मॉनिटरवर खऱ्या मापात दाखवता येतो. नजर दूरच्या मोठ्या पडद्यावरून जवळच्या छोट्या पडद्यावर उतरते आणि परत जाते, कॉकपिटमध्ये ती जाते तशीच. शेजारच्या दोन मॉनिटरपैकी एकाच्या पैशांतही हे होते.

मग तीन मॉनिटर कोणी घ्यावेत? ज्याच्याकडे कायमची खोली आहे, एकच विमान आहे आणि त्याचे लाकडी किंवा धातूचे कॉकपिट बांधून झाले आहे. जो एक्स-प्लेन किंवा प्रीपार्डथ्रीडीवर उडतो. जो हेलिकॉप्टर, बुश फ्लाइंग किंवा फॉर्मेशनमध्ये रमतो. आणि ज्याचा प्रोसेसर गर्दीच्या शहरावर एका पडद्याला निवांत पुरून उरतो. या अटींतली एकही सुटली तर ते पैसे प्रोसेसरवर घालावेत. अतिरुंद वक्र मॉनिटर रेसिंगला उत्तम आहे, उड्डाणाला उंचीने तोकडा.

बाकीच्यांनी खरेदीला निघण्याआधी नेहमीच्या खुर्चीत बसून डोळ्यापासून टेबलाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. ६० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ४३ इंची, ७५ किंवा जास्त असेल तर ५५ इंची. स्क्रीन घरी आल्यावर तिने व्यापलेला कोन काढून एक्स-प्लेनमध्ये तो अंशांत भरावा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये झूम अंशांत मिळत नाही, तिथे पडद्यावरचे घड्याळ पट्टीने मोजून ते खऱ्याच्या मापाला येईपर्यंत झूम बदलावा. हे केल्याशिवाय तिसऱ्या मॉनिटरचा विचारही करू नका.